मऊ जेलवरच्या मूलपेशींना फांद्या फुटल्या, म्हणून त्यांना चेतापेशी म्हणावे का?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नागपूर):
नमस्कार. अस्थिमज्जेतील मूलपेशी पॉलीअ‍ॅक्रिलामाइड या कृत्रिम पदार्थाच्या मऊ जेलवर वाढवून त्या चेतापेशींकडे वळतात का, हे पाहण्याचा माझा प्रकल्प आहे. डीएमएसओ हे रासायनिक द्रावक असलेले द्रावण घातल्यावर पाच तासांतच पेशींची अंगे आक्रसली आणि लांब फांद्या दिसू लागल्या. मी आनंदाने छायाचित्रे दाखवली, तर मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, "काचेवर काय दिसले?" कडक काचेवरही तेच दिसले होते. मग जेलचा उपयोग काय?

उत्तर १ (सीताबर्डीकर):
मार्गदर्शकांनी नेमके बोट ठेवले आहे. अशाच रसायनांनी काही तासांत चेतापेशी मिळाल्याचे दावे पूर्वी झाले होते. परंतु 2004 मध्ये पेशींचे सलग चित्रण करणाऱ्यांना आढळले की नवे तंतू वाढतच नव्हते, तर पेशीचा आतला सांगाडा कोसळून ती आकसत होती आणि काचेला चिकटून राहिलेले तिचे कोपरे फांद्यांसारखे दिसत होते. तीव्र मिठाच्या पाण्याने किंवा डिटर्जंटनेही तसाच आकार येतो. पाच तासांत चेतापेशी घडत नाही.

जेलचे काम वेगळे आहे. एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले की याच प्रकारच्या पेशी मेंदूइतक्या मऊ, म्हणजे 0.1 ते 1 किलोपास्कल (कडकपणाचे एकक) इतक्या कडकपणाच्या जेलवर चेतापेशींची लक्षणे दाखवतात, 8 ते 17 वर स्नायूंची आणि 25 ते 40 वर हाडाची. पेशी मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर खालचा पृष्ठभाग ओढून त्याचा कडकपणा जोखते. मायोसिन रोखले की हा फरक उरत नाही. म्हणून रसायन वगळून, तिन्ही कडकपणांची जेल घेऊन प्रयोग पुन्हा करावा.

एक व्यवहाराची गोष्ट: जेलवर कोलॅजेनचा थर सारखा बसला आहे ना, हे आधी तपासा, कारण नुसत्या पॉलीअ‍ॅक्रिलामाइडला पेशी चिकटत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात जेल दोन मिनिटे उघडी राहिली तरी तिची कड वाळून कडक होते, आणि मग आपण मोजतो एक, पेशीला जाणवते दुसरेच.

उत्तर २ (धरमपेठेतून):
वरील मताशी सहमत आहे, पण एक भर घालतो. चेतापेशीच हव्या असतील तर अस्थिमज्जेच्या पेशींचा हट्ट सोडून चेतापूर्वज पेशी, म्हणजे ज्यांपासून चेतापेशी घडतात अशा पेशी, घ्याव्यात. 2004 मध्येच लॅमिनिन या पेशींबाहेरच्या प्रथिनातील आयकेव्हीएव्ही हा अमिनो आम्लांचा छोटा क्रम ज्यांच्या पृष्ठभागावर दाटीने होता, अशा आपोआप जुळणाऱ्या नॅनोतंतूंच्या जाळ्यात या पेशी झपाट्याने चेतापेशी झाल्या आणि ताराकार पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूतील पेशी) फार थोड्या निघाल्या. एका दिशेने लावलेले तंतू असतील तर अक्षतंतूही (चेतापेशीचे संदेश नेणारे लांब तंतू) त्यांच्या रोखाने धावतात. पुरावा म्हणून बीटा-३ ट्युब्युलिन हे चेतापेशींची खूण मानले जाणारे प्रथिन एकटे पुरेसे नाही. एमएपी२ हे चेतापेशींतील आणखी एक प्रथिनही पाहावे आणि जमल्यास पॅच क्लॅम्पने (पेशीतील विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्राने) विद्युत आवेग उमटतो का, ते तपासावे.

विद्यार्थिनी:
दोघांचेही आभार. पूर्वज पेशी आमच्याकडे नाहीत, म्हणून तूर्त रसायनाशिवाय तीन कडकपणांची जेल आणि सोबत काच असा क्रम लावते. छायाचित्रे पाच तासांनी नव्हे, आठवड्याने काढीन.