मदत हवी आहे: तोर दे जेआं (330 किमी), झोप आणि उंचीचं गणित कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

या सप्टेंबरात इटलीत आओस्ताच्या खोऱ्यात तोर दे जेआं ही डोंगरातली रेस पळायची आहे, सोडतीत नंबर लागल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुर्मायरहून निघायचं, डोंगराडोंगरांतून अख्ख्या खोऱ्याला वळसा घालून परत कुर्मायरलाच यायचं, 330 किमी, एकूण चढ 24,000 मीटर, वेळ 150 तास. भागाकार केला तर तासाला 2.2 किमी येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं एवढंच ना, पण जेवण, झोप, पायाची मलमपट्टी सगळं त्याच 150 तासांत, घड्याळ काही थांबत नाही.

पायांची तयारी बरी आहे. माझं अडतंय ते झोपेपाशी.

मागच्या वर्षी डोंगरातली एक 160 किमीची रेस केली. दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास उतारावर हेडलॅम्पच्या उजेडात प्रत्येक दगड म्हणजे पाठ करून बसलेला माणूस दिसायला लागला. एकाला मी 'जरा बाजूला व्हा' म्हणालो, तो हलेना म्हणून वळसा घालायला गेलो आणि खाली बघतो तर डावा पाय वाटेच्या अगदी कडेवर, पुढे नुसता काळोख. तिथेच खडकाला टेकून 15 मिनिटांचा गजर लावून झोपलो, उठलो तेव्हा दगड परत दगड झाले होते. ती दुसरी रात्र होती, इथे पाच-सहा रात्री काढायच्यात, म्हणून खरंच भीती वाटते.

वाटेत 6 लाइफ बेस (विश्रांतीचे मोठे थांबे) आहेत, तिथे आपली बॅग येते, पण एका बेसवर 2 तासांच्या वर थांबायचं नाही असं मी धरलंय. त्यात खाणं, मोजे बदलणं, फोड बघणं धरलं तर झोपेला तासभर उरतो. तर प्रश्न असा की झोप बेसवरच घ्यावी की वाटेतल्या रिफ्युजिओत (डोंगरातली मुक्कामाची घरं) थोडी थोडी? आणि पहिल्या रात्री झोप आली नाही तरी बळेच आडवं व्हावं का? माझा कल तिकडे आहे, कारण एकदा डोळे मिटायला लागले की उशीर झालेला असतो, पण अनुभव नाही.

दुसरं उंचीचं. मी राहतो समुद्रसपाटीला. इथला सगळ्यात उंच कोल (म्हणजे खिंड) लोझोन 3,299 मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि तो येतो कोन्येच्या बेसच्या आधी, म्हणजे पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच, ओ रूस गावापासून एका दमात जवळजवळ 1,650 मीटर चढून. नंतर डोनासच्या बेसला उतरलो की उंची 300 च्या आसपास. सुट्टी मोजकी आहे, रेसच्या आधी फक्त 4 दिवस मिळतात. ते वर एखाद्या रिफ्युजिओत राहून काढू की कुर्मायरला (1,224 मीटर) नीट झोपून ताजा राहू? वर राहिलं तर शरीराला थोडी सवय होईल, पण पहिल्या रात्री उंचीवर मला झोपच लागत नाही आणि झोपेची उधारी घेऊन सुरुवात करायची नाहीये.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) कृपया सुचवू नका, ते वाडाच्या (WADA, खेळातली उत्तेजकविरोधी जागतिक संस्था) बंदी यादीत आहे, लघवी वाढवणारं औषध म्हणून. ट्रेकला जाणारे सर्रास घेतात त्यामुळे मलाही दोघातिघांनी तेच सांगितलं. दुखलं की आयबुप्रोफेन घ्यायचं हेही मी बंद केलंय, इतके तास पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात किडनीवर ताण नको.

ज्यांनी ही रेस केलीय, अर्धवट सोडावी लागली असली तरी, किंवा कुणाच्या सपोर्टला गेला असाल, त्यांनी सविस्तर लिहा. कुठल्या बेसवर किती झोपलात आणि उठल्यावर पहिला तास कसा गेला, एवढं जरी कळलं तरी मला माझं वेळापत्रक मांडता येईल.