जुनी ३०७० घेताना चिपची आवृत्ती पाहावी का?

धागाकर्ता, धरमपेठ:
नागपुरात बर्डीवरच्या दुकानातून किंवा घरगुती विक्रीतून एनव्हिडियाचे जुने आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याने भाव ठरवण्याआधी चिपची आवृत्ती तपासावी, असे माझे मत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या कार्डांवर जीए१०४-३०० ही चिप होती. मे २०२१ मध्ये जीए१०४-३०२ असलेली कार्डे जाहीर झाली आणि तिच्यात इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डाकडून सतत गणिते करवून ते चलन कमावणे) ओळखून त्याचा वेग सुमारे निम्म्यावर आणणारी मर्यादा, म्हणजे एलएचआर (लाइट हॅश रेट), होती. ५,८८८ कोअर, ८ जीबी मेमरी आणि गेममधील कामगिरी यांत फरक नाही. फरक असलाच तर तो मागच्या मालकाच्या हेतूत आहे: मायनिंगसाठी घेतलेले कार्ड दिवसरात्र राबलेले असण्याची जोखीम असते. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइस आयडी २४८४ दिसला तर पहिली आवृत्ती, २४८८ दिसला तर एलएचआर. खोक्यावर विसंबू नये, खोके बदलता येते.

प्रतिसाद, मानेवाडा:
असहमत. २०२१ मध्ये कार्ड मिळणेच दुरापास्त होते, त्यामुळे मायनिंगवाल्यांनीही मिळेल ते उचलले. शिवाय त्याच वर्षी मायनिंगच्या सॉफ्टवेअरने एलएचआर कार्डांतून सुमारे ७० टक्के वेग परत मिळवला, आणि आरटीएक्स ३०६० या कार्डावरील तशीच मर्यादा तर मार्च २०२१ मध्ये कंपनीच्याच ४७०.०५ या बीटा ड्रायव्हरने चुकून उठवली होती. तेव्हा २४८८ हा आकडा म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवावे आणि चिपचे तापमान व हॉटस्पॉट (चिपवरील सर्वांत तापलेली जागा) यांतील तफावत पाहावी. ३०७० च्या मेमरीचे तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, म्हणून हे अधिकच गरजेचे. ही चाचणी दुकानाच्या एसीत झाली तर मे महिन्यात पारा ४५ वर गेल्यावर आपल्या खोलीत ते कार्ड कसे वागेल, हे कळणार नाही. (दुकानदार एसी बंद करणार नाही, हेही खरे.)

धागाकर्ता:
दाखला मी म्हटलेच नाही. संभव कमी होतो, एवढेच म्हणणे आहे. पळवाट निघण्यापूर्वी घेतलेले ३०२ मायनिंगला निम्म्याच उपयोगाचे होते, तर ३०० पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने चालत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे मायनिंगच संपल्याने ३०० ला आज वेगळे मोल उरलेले नाही. मग जोखीम जास्त असताना दोन्हींना सारखाच भाव का द्यावा?

प्रतिसाद, मानेवाडा:
भाव पाडून घेण्यासाठी हा मुद्दा जरूर वापरावा. मात्र मूळ बिलासह, एकाच घरात वापरलेले ३०० आणि बिलाविना आलेले ३०२ समोर असतील, तर मी ३०० च घेईन.