एन्व्हिडिया घेतला नाही म्हणजे सांगलीला अक्कल नाही?

कृष्णाकाठ_६२

दुपारची झोप सोडून लिहितोय, यावरून राग किती आलाय ते समजा. 'मिशन_एक_कोटी' या गृहस्थांनी परवा टाकलं: "एन्व्हिडिया पाच लाख कोटी डॉलरची झाली आणि सांगलीकर अजून हळद, बेदाणा, प्लॉट आणि एफडीतच लोळतायत. आपल्या लोकांना पैसा मिळवता येतो, वाढवता येत नाही. घ्या आणि विसरून जा, एवढंच करायचं होतं." खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक माझ्या सख्ख्या पुतण्याचा.

कंपनी फालतू आहे असं मी म्हणत नाही. १९९३ ला अमेरिकेत तिघांनी सुरू केली, १९९९ च्या जानेवारीत १२ डॉलरला बाजारात आली, तेव्हा पोरांच्या गेमची कार्डं विकत होती. आज एआयचं जे काही चाललंय त्याची इंजिनं, म्हणजे चिप, हीच विकते. मान्य. माझं भांडण 'विसरून जा' या दोन शब्दांशी आहे. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मध्ये हाच शेअर साठ टक्क्यांहून जास्त पडला होता. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी एआयची बातमी आली आणि एका दिवसात सतरा टक्के गेले. बेदाणा विकून चार लाख टाकणारा माणूस त्या रात्री विसरून झोपला असता का? खरं सांगा.

मी १९९९ मध्ये हेच केलंय. गणपती पेठेत एका सब-ब्रोकरची माडी होती. दहा बाय बाराची खोली, एक स्क्रीन आणि समोर आम्ही वीसजण, चपला जिन्यात. एका सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर ३४० ला घेतला. नाव घेत नाही, ती आता नाहीच. बघता बघता १,९०० झाला. बायको म्हणाली, विका आणि मागचं बाथरूम पक्कं करून घेऊ. मी म्हटलं, दोन हजार होऊ दे. शेवटी ६२ ला विकला. बाथरूम २००६ मध्ये झालं.

आणि त्या वेळची जगातली सगळ्यात महाग कंपनी कुठली होती? सिस्को. इंटरनेटची 'इंजिनं' विकणारी. मार्च २००० मध्ये ऐंशी डॉलर, २००२ मध्ये दहाच्या खाली. तो भाव परत दिसायला पंचवीस वर्षं गेली. विसरून जायला हरकत नाही, पण मग नातवालाच आठवण ठेवावी लागेल.

मिशन_एक_कोटी

काका, तुमच्या बाथरूमची शिक्षा एन्व्हिडियाला कशाला?

सिस्कोचं उदाहरण सगळे देतात, पुढचं कोणी सांगत नाही. तेव्हा सिस्कोचा पीई, म्हणजे भाव कमाईच्या किती पट ते, शंभराच्या कितीतरी वर होता. एन्व्हिडियाचा त्याच्या निम्माही नाही. भाव वाढला कारण धंदा वाढला. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात विक्री २,७०० कोटी डॉलर. दोनच वर्षांनी १३,००० कोटींच्या वर. शंभराच्या मालात पंचाहत्तर ढोबळ नफा. आयर्विन पुलापासून माधवनगरपर्यंत असा एक धंदा दाखवा, मी जाहीर माफी मागतो.

आणि एफडी सुरक्षित असते हे मला सांगू नका. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे साडेसहा लाख एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याज एक टक्का जास्त, चेअरमन ओळखीचे, दिवाळीला घरी मिठाईचा बॉक्स. संस्था बुडाल्यावर कळलं की बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतोच. आई अजून त्या पासबुकाची घडी गादीखाली ठेवते. तुमचं ६२ रुपयाला तरी विकलं गेलं.

कृष्णाकाठ_६२

बाळा, वडिलांचं वाईट वाटलं. पण एक बुडालं म्हणून दुसरं तरेल हा कुठला न्याय?

मिशन_एक_कोटी

बाळा म्हणू नका. चौतीस वर्षांचा आहे.

मिरज_जंक्शन

तुम्ही दोघं भांडत बसा, मला वेगळंच सांगायचंय. 'घ्या' म्हणणं सोपं आहे, पैसे पाठवायचे कसे ते कोणी लिहीत नाही. एलआरएस म्हणजे परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, ते ठीक, आपल्याला कुठे तेवढे पाठवायचेत. पण वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. तोवर तुमचे पैसे सरकारच्या खिशात. लाभांश आला की अमेरिका पंचवीस टक्के कापून घेते. आणि शेवटी ते शेड्यूल एफए, रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता! आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, हा तक्ता मात्र जानेवारी ते डिसेंबरचा. वर्षातला सगळ्यात जास्त भाव किती, त्या दिवशीचा डॉलरचा दर किती, सगळं शोधा. माझ्याकडे शेअर किती? तीन. सीएने फी घेतली त्यात चौथा आला असता. आणि दाखवायला विसरलात तर दहा लाख दंड!

मिशन_एक_कोटी

अर्धवट माहिती. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला तो दंड नाही.

मिरज_जंक्शन

दंड नाही, पण दाखवायचं तर आहेच ना? आणि हेही लिहा की: साठ हजार डॉलरच्या वर शेअर ठेवून माणूस गेला तर अमेरिका वारसा कर मागते. बायकोला इंग्रजीत फॉर्म भरायला लावून मरायचं का मी?

मिशन_एक_कोटी

तीन शेअरवर वारसा कराची चिंता. धन्य आहे.

मास्तर_पलूस

ज्यांना ही कटकट नको होती ते भारतातल्या म्युच्युअल फंडातून जात होते. मीही. महिना दोन हजार, विद्यार्थ्यांना 'नियमितपणा' शिकवायला स्वतःचंच उदाहरण द्यायचो. २०२२ च्या सुरुवातीला सगळ्या फंडांची मिळून परदेशात गुंतवायची ७०० कोटी डॉलरची मर्यादा भरली म्हणून नवीन पैसे घेणं थांबलं. म्हणजे शेअर पडून स्वस्त झाला ते पूर्ण वर्ष माझा हप्ता बंद. आता मला 'घेतला का नाही' म्हणून हिणवतायत. घेत होतो हो, दार बंद केलं.

राजापुरी_सेलम

आमची चौथी पिढी हळदीच्या आडतीत. दोघांनाही सांगतो, यात नवीन काही नाही. २०१० ला हळदीला काय भाव होता आठवतंय? लोकांनी ऊस मोडून हळद लावली. दीड-दोन वर्षांत भाव कुठल्या कुठे खाली. ज्याने घाईत विकली तो मेला, ज्याने धरून ठेवली तो तरला. आपले आजे काय करत होते? हळद जमिनीतल्या पेवात टाकायची, तोंड लिंपायचं, पाच वर्षं बघायचंच नाही. 'घ्या आणि विसरा' सांगलीनेच जगाला शिकवलंय. एन्व्हिडिया म्हणजे आजचं पेव समजा आणि गप बसा.

हरिपूरची_माहेरवाशीण

राजापुरी दादा, तुम्ही पेवात कधी उतरलायत?

माझं माहेर हरिपूर. आमच्या परड्यात चार पेवं होती. माझे आजोबा आणि चुलते ती सांभाळायचे, माल तुमच्यासारख्यांचा. 'बघायचंच नाही' हे आडतीच्या गादीवर बसून बोलायला बरं. पेव म्हणजे वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड. आत कडेने पाला आणि चटया लावायच्या. हवा कोंडते म्हणून कीड लागत नाही, आणि तीच हवा माणसाला मारते. उघडल्यावर काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. आजोबा कंदील सोडताना बोलायचे नाहीत, आम्हा पोरांना पण बोलू द्यायचे नाहीत. असलं 'विसरून जा' असतं होय?

राजापुरी_सेलम

ताई, मी पेवाला नावं ठेवली नाहीत, उलट कौतुकच केलं. उगीच अंगावर घेऊ नका. कंदिलाचं आम्हालाही माहीत आहे. आमच्या वाड्यात पेवाच्या पावत्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माल न हलवता नुसत्या पावतीवर सौदा व्हायचा, पेव नंबर सांगितला की झालं. डीमॅट डीमॅट म्हणतात ते आणखी काय असतं?

हरिपूरची_माहेरवाशीण

पावत्या तुमच्या वाड्यात, चिखल आमच्या परड्यात. २००५ चा पूर विसरलात? पाणी आठवडाभर हटलं नाही. उतरल्यावर पेवं उघडली तेव्हा आत हळद नव्हती, लगदा होता. गावभर वास. व्यापारी येऊन माझ्या चुलत्याशी भांडले की तोंड नीट लिंपलं नव्हतं. कृष्णा घरात छातीएवढी, आणि लिंपण काढता तुम्ही?

राजापुरी_सेलम

आम्ही भांडलो नाही. दुसरे कोणी असतील.

हरिपूरची_माहेरवाशीण

मी नाव घेतलं नाही, तुम्हाला का लागलं?

राजापुरी_सेलम

लागणारच. आमची नव्वद पोती गेली त्यात. विमा नाही, भरपाई नाही. माझ्या वडिलांनी त्या वर्षी गणपतीला फक्त आरती केली, नैवेद्याला गूळ-खोबरं. तुमच्या चुलत्यांना कोणी काही बोललं असेल तर ते चुकलंच. पण माल आमचा गेला, खड्डा तुमचा राहिला.

मिरज_जंक्शन

हा धागा एन्व्हिडियाचा आहे का पूरग्रस्त निवारण समितीचा?

हरिपूरची_माहेरवाशीण

तुमच्या तीन शेअरांची कहाणी आम्ही ऐकून घेतली ना? मग ऐका. खड्डा राहिला म्हणता, तो गाळाने भरलेला खड्डा होता. दोन पेवं बुजवली. तिसऱ्यावर फरशी टाकून तुळशीकट्टा केलाय. २०१९ ला पाणी २००५ च्याही वर चढलं, आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर, तेव्हा तो कट्टा पण खचला. शंभर वर्षं कोरडी राहिलेली जागा आहे, पाणी लागत नाही, असं आजोबा छातीठोक सांगायचे. जमीन तीच, माणसं तीच, लिंपण तेच. नदी नेहमीची राहिली नाही एवढंच.

कृष्णाकाठ_६२

ताई, मी चारशे शब्द लिहून जे सांगू शकलो नाही ते तुम्ही पेवावरून सांगितलंत. एन्व्हिडिया स्वतः चिप बनवतसुद्धा नाही, मुख्यतः तैवानमध्ये बनवून घेते. उद्या चीनने तैवानला वेढा घातला तर तुमचा पीई काय करणार? आणि २०२५ च्या एका तिमाहीत विक्रीतले एकोणचाळीस टक्के दोनच गिऱ्हाइकांकडून आले. आपल्याकडे दोनच गिऱ्हाइकांवर दुकान चालवणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही.

मिशन_एक_कोटी

तैवान आणि गिऱ्हाइकांचा मुद्दा बरोबर आहे. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, ठीक. शिवाय ज्यांना चिप विकते त्या ओपनएआयमध्येच १०,००० कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचं जाहीर केलं, तेही मला खटकलं होतं. आपणच उधार द्यायचे आणि आपल्याच दुकानातून माल घ्यायला लावायचं.

पण म्हणून घ्यायचाच नाही? पूर आला म्हणून हळद लावायची थांबली का कोणी?

गलाईवाला_त्रिची

सगळ्यांना रामराम. गाव विट्याजवळ, गेली बावीस वर्षं तामिळनाडूत गलाईचं दुकान. सोनं आटवतो. तुमचं वाचून हसू येतंय मर्दांनो. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेला. ना शेड्यूल, ना कंदील, ना तैवान. बायको अंगावर घालून लग्नाला पण जाऊन आली. एन्व्हिडिया घालून दाखवा.

मिशन_एक_कोटी

दादा, मोडताना घट किती धरता ते पण सांगा की.

गलाईवाला_त्रिची

ते धंद्याचं गुपित.

मास्तर_पलूस

मिशन साहेब, एक विचारू? तुम्ही स्वतः कितीला घेतला आणि किती घेतला? इतकं बोललात, ते मात्र राहिलंच.

मिशन_एक_कोटी

२०२४ च्या जूनमध्ये. कंपनीने एका शेअरचे दहा तुकडे केले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, साधारण १३० डॉलरला. अकरा शेअर. जानेवारी २०२५ ला पडला त्या रात्री पाच विकले. हो, विकले. हसा.

कृष्णाकाठ_६२

हसत नाही. उरलेले सहा राहिले ना? मी एकही ठेवला नव्हता.

पुतण्या आत्ता येऊन गेला. त्याच्याकडे या कंपनीचा शून्य पूर्णांक चार शेअर आहे म्हणे. अर्धासुद्धा नाही! एकाचे दहा झाले त्या दिवशी बाराशेचा भाव एकशेवीस दिसला, तर हा पठ्ठ्या बुडालो म्हणून रात्रभर जागा होता आणि सकाळी आईला सांगितलं की पोट दुखतंय. याने अंगठा दिला होता 'विसरून जा' ला.

मिरज_जंक्शन

त्याला सांगा, शून्य पूर्णांक चार असला तरी शेड्यूल एफए भरावं लागतं.

राजापुरी_सेलम

हरिपूरच्या ताई, ती चौथी पेव अजून आहे का? तीन झाली तुमची सांगून.

हरिपूरची_माहेरवाशीण

आहे. कोरडी आहे. भाऊ उघडू देत नाही कोणाला. तुम्हाला बघायची असेल तर रविवारी या, संगमेश्वराचं दर्शन पण होईल. येताना कंदील आणा, आमचा पुरात गेला.