स्वतःच्या दवाखान्यातून नियंत्रित औषधे देताना डॉक्टरला परवाना लागतो का?

प्रश्न – नवा प्रॅक्टिशनर

मी एमबीबीएस असून लवकरच स्वतःचा दवाखाना सुरू करीत आहे. रुग्णांना औषधे मीच द्यावीत असा विचार आहे आणि त्यांत डायझेपाम, झोल्पिडेम (शामक व झोपेची औषधे), ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामक) यांसारखी औषधेही अधूनमधून लागतील. डॉक्टरला परवाना लागतच नाही, असे काही ज्येष्ठ सहकारी सांगतात. उलट घाऊक विक्रेत्याच्या माणसाने परवान्याशिवाय असा साठा ठेवणे गुन्हा असल्याचे बजावले. यांतले खरे काय? शिवाय, कर्करोगाच्या रुग्णांसाठी थोडे मॉर्फीन ठेवता येईल का?

उत्तर – निवृत्त औषध निरीक्षक

डॉक्टरसाहेब, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम १८ (क) नुसार विक्री, साठा किंवा वितरण यांसाठी परवाना लागतो. मात्र १९४५ च्या नियमांतील नियम १२३ आणि शेड्यूल के (सूट मिळणाऱ्या औषधांची यादी), नोंद ५ यांनुसार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने स्वतःच्या रुग्णाला दिलेल्या औषधांना, काही अटींवर, त्यातून सूट आहे. या सूटीचा गाभा ‘स्वतःचा रुग्ण’ या दोन शब्दांत आहे. आपण दुकान मांडले, किंवा दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला काउंटरवरून औषध विकले, की सूट संपली. मग कलम २७ (ब) (ii) लागते आणि त्यात किमान तीन वर्षांची कैद आहे.

अटींकडे मात्र फार थोडे डॉक्टर लक्ष देतात. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच झाली पाहिजे आणि औषधाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता यांची नोंद निरीक्षकाला दाखवता आली पाहिजे. शेड्यूल जी, एच किंवा एक्समधील (म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली किंवा चिठ्ठीवरच घ्यायच्या औषधांच्या याद्यांतील) औषध असेल, तर दिलेल्या पाकिटावर डॉक्टरचे नाव-पत्ता आणि पोटात घेण्याच्या औषधासाठी मात्रा लिहावी लागते. शिवाय औषध देतानाच रजिस्टरात औषधाचे नाव व प्रमाण, मात्रा, रुग्णाचे नाव, तारीख आणि ते लिहून देणाऱ्याचे नाव नोंदवून त्या नोंदीला क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पाकिटावर यायला हवा. म्हणजे ट्रामाडॉलच्या सहा गोळ्यांची नोंद ४७ क्रमांकाची असेल, तर रुग्णाच्या हातातल्या पाकिटावरही ४७ दिसला पाहिजे. कात्रीने स्ट्रिप कापून कोऱ्या कागदात गोळ्या बांधून देण्याची जी सवय आपल्याकडे सर्वत्र दिसते, तिच्यात यांतले काहीच उरत नाही. बहुतेक वेळा मुदत संपण्याची तारीखही कापलेल्या बाजूला राहते. शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षे हे रजिस्टर जपावे लागते.

शेड्यूल एच१ ही चिठ्ठीवरच्या औषधांची अधिक कडक यादी १ मार्च २०१४ पासून अमलात आली; तिच्यातील औषधांसाठी दुकानदाराला वेगळे रजिस्टर तीन वर्षे ठेवावे लागते. आपण विचारलेली तिन्ही औषधे त्या यादीत आहेत. ती अट दुकानांसाठी लिहिलेली असली, तरी दवाखान्यातही तीन वर्षांचीच मुदत पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – वकील, औषधविषयक कायदे

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका त्वचारोगतज्ज्ञावरील खटला रद्द केला. सापडलेला साठा अल्प होता, त्यात लोशन व मलमे होती आणि ती स्वतःच्या रुग्णांसाठी असल्याचे न्यायालयाला पटले. या निकालाचा आधार घेऊन नोंदींकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्या प्रकरणातील औषधे मलमे होती, झोपेच्या गोळ्या नव्हत्या. डायझेपाम आणि २०१८ पासून ट्रामाडॉल ही गुंगीकारक औषधे व मनोप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ च्या, म्हणजे एनडीपीएसच्या, सूचीतही आहेत. तो कायदा स्वतंत्रपणे चालतो. शेड्यूल केची सूट तिथे आपोआप पोहोचत नाही, आणि साठा व नोंदी जुळत नसतील तर वैद्यकीय उपयोगाचा बचाव सिद्ध करणे फार कठीण जाते.

उत्तर – परिहार उपचार (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना कमी करण्याचे उपचार) क्षेत्रातील जाणकार

मॉर्फीनविषयी लिहितो. एनडीपीएस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वर्ग निर्माण झाला, ज्यात मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन येतात. त्यापूर्वी राज्यागणिक वेगवेगळे परवाने काढावे लागत आणि त्यांची जुळवाजुळव करण्यातच वेदनाग्रस्त रुग्णाचे दिवस जात. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता घेता येते. त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावा लागतो. एकट्या डॉक्टरला स्वतःच्या व्यवसायासाठी नियमांत ठरवलेली अल्प मात्रा बाळगता येते, पण ती विकण्यासाठी नसते. नियमित वाटप करायचे असेल, तर मान्यताप्राप्त संस्थेशी जोडून घेणेच योग्य.

पुन्हा प्रश्न – नवा प्रॅक्टिशनर

सर्वांचे आभार. एक शंका उरली: जुन्या रुग्णाने फोन केला आणि नातेवाइकाला पाठवले, तर गोळ्या देता येतील का?

उत्तर – निवृत्त औषध निरीक्षक

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसखालील औषधे प्रतिबंधित यादीत ठेवली आहेत. त्यामुळे केवळ फोनवरच्या बोलण्यावरून डायझेपाम किंवा ट्रामाडॉल देऊ नये. रुग्णाला बोलवा, तपासा, केसपेपरवर कारण लिहा, मगच रजिस्टर उघडा.