मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात लायसनची रिव्हॉल्व्हर रोज कशी बाळगता?

इतवारीत सराफीचं दुकान आहे, राहतो मनीषनगरला, येणंजाणं ॲक्टिव्हावर. लायसन आहे, कानपूरची .32 ची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर आहे, म्हणजे "घ्यावी का" यावर सल्ला नको. 2016 च्या शस्त्र नियमात सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये (म्हणजे अंगावर लावायच्या म्यानात) किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकून, आपल्या ताब्यात राहील अशीच ठेवा म्हटलंय, अन् तेच जमून नाही राहिलं.

पॅन्टच्या आतून चामड्याचं होल्स्टर लावलं तर गाडीवर बसलं की मूठ पोटात टोचते, सिलिंडरचा (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याचा) फुगा पातळ कॉटनच्या शर्टातून दिसते, आणि नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) घामानं चामडं ओलं होऊन बॅरलवर गंजाचे ठिपके. रोज पुसतो, तेल लावतो, तरी. जाकीट घाल म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा इकडे येऊन जावं. पायाला बांधून पाहिलं, चालताना घसरते. खांद्याची बॅग सोयीची, पण कुठं विसरलो तर? डिक्कीत मी ठेवणार नाही, सुचवू पण नका.

कोर्टाचं काम असलं नाहीतर मेट्रोनं जायचं असलं की त्या दिवशी घरीच तिजोरीत ठेवतो, त्याचा प्रश्न नाही.

तर रोज बाळगणाऱ्यांनी सांगा, दुचाकीवर अन् बाहेर सोडलेल्या शर्टाखाली रिव्हॉल्व्हरसाठी घामानं न भिजणारं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर कोणतं वापरता, कडक प्लास्टिकचं की अस्तर लावलेलं चामड्याचंच, आणि कमरेवर नेमकं कुठं लावता?