बागेतली गाडी: रूळ पितळेचे की स्टेनलेसचे?

रूळकरी

बागेत चालवायच्या छोट्या मॉडेल रेल्वेसाठी, उघड्यावर टाकायच्या ४५ मिलिमीटर गेजच्या (दोन रुळांतलं अंतर) रुळाला कोणता धातू घ्यावा, हे नवीन सुरुवात करणारा प्रत्येक जण विचारतो. हल्ली त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: स्टेनलेस घ्या, घासायची कटकट संपेल. मला हे पटत नाही. रुळातून वीज घेऊन गाडी चालवायची असेल तर पितळच घ्यावं आणि वाचलेला पैसा रुळांच्या तुकड्यांमधल्या जोडांवर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

एलजीबी या जर्मन कंपनीने १९६८ साली या आकाराच्या गाड्या बाजारात आणल्या तेव्हापासून पितळी रूळ चालत आले आहेत. आठ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त उंच असलेला हा रूळ माणसाचा पाय पडला तरी सहज वाकत नाही, साध्या करवतीने कापता येतो आणि त्याला तार सोल्डरचा डाग देऊन नीट जोडता येते. तांब्याच्या साधारण २८ टक्के वीजवहन पितळ करतं. स्टेनलेस जेमतेम अडीच टक्के.

माझा अनुभव सांगतो. माझा लूप, म्हणजे रुळाचं बंद कडं, ४० मीटरचा आहे. पलीकडच्या कोपऱ्यात इंजिन दमल्यासारखं हळू व्हायचं. रूळ काळवंडलाय असं धरून मी तीन वर्षं नेमाने तो कोपरा घासत राहिलो. शेवटी एकदा गाडी तिकडे फिरत असताना मल्टिमीटर घेऊन बसलो आणि एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे टोकं टेकवली. चांगल्या जोडावर चार-पाच मिलिव्होल्ट दिसत होते. झाडाखालच्या एका जोडावर ९००. दोन रुळांची टोकं जोडणारी जोडपट्टी सरकवून काढली तर आत वाळून दगड झालेला चिखल आणि कडेला हिरवी पूड. तिथे स्क्रूने आवळायचा क्लॅम्प लावला आणि इंजिन त्या कोपऱ्यातून तसंच पुढे निघून गेलं. म्हणजे तीन वर्षं मी नको तो भाग घासत होतो.

धातूवर भांडण्याआधी जोड मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिरवा सिग्नल

जोडांबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष अमान्य.

क्लॅम्प लावल्यावर तुमचा रूळ काळा पडायचा थांबला का? पितळेत तांबं आणि जस्त. हवा, दमट माती आणि चाकाखाली उडणाऱ्या बारीक ठिणग्या, तिन्ही मिळून माथ्यावर थर धरतातच. गाडी रोज फिरत असेल तर चाकंच तो झिजवतात. पण आपल्यापैकी किती जण रोज गाडी काढतात? माझी गाडी कधी कधी महिनाभर निघत नाही. पितळ होतं तेव्हा गाडी काढायची म्हणजे आधी तासभर काठीला घासपेपरचा ठोकळा लावून पूर्ण लूपभर फिरायचं. घासून झाल्यावर खेळायचा हुरूपच उरत नसे. स्टेनलेस टाकल्यापासून पानं झाडतो, झाडाचा चीक पडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवतो, की गाडी सुरू.

त्यातही गाडी डिजिटल असेल तर विचारूच नका. डीसीसीचा, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारा डिजिटल सिग्नल रुळातूनच जातो. साध्या डीसीवर जिथे इंजिन नुसतं अडखळतं, तिथे इंजिनातला हुकूम वाचणारा डिकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि आवाजाची चिप मधेच गप्प होते.

रूळकरी

@हिरवा सिग्नल, रोधाचं काय करणार? हिशेब मांडतो. रुळाचा छेद ३० चौरस मिलिमीटर धरू. माझ्या लूपचं लांबचं टोक २० मीटरवर, जाऊन-येऊन ४० मीटर. पितळेला त्यात ओहमचा दहावा हिस्सासुद्धा रोध होत नाही. स्टेनलेसला जवळपास पूर्ण एक ओहम. दोन इंजिनं आणि दिव्यांचे डबे मिळून ३ अँपिअर ओढले की पाव व्होल्टच्या जागी तीन व्होल्ट गेले. २० व्होल्टांतले तीन! चढावर हे लगेच जाणवतं.

हिरवा सिग्नल

हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. तुमचा लूप आहे, सरळ लाईन नाही. लांबच्या टोकाला वीज दोन्ही बाजूंनी येते, म्हणून रोध निम्मा. तीन नाही, दीड व्होल्ट.

आणि हा दीड व्होल्टही फक्त एकाच ठिकाणी वीज दिली तर. रुळाशेजारून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल फिरवा आणि दर पाच-सहा मीटरला रुळाला जोडा. मग विजेला रुळातून जास्तीत जास्त तीन मीटर जावं लागतं. केबल एकदाच पुरायची. घासणं मात्र जन्माचं.

स्टेनलेसचे दोषही सांगतो, कारण नवीन माणसाची फसगत होऊ नये. ते कडक आहे. वाकवलं की स्प्रिंगसारखं मागे येतं, त्यामुळे रूळ वाकवायचं यंत्र लागतंच, हाताने गोलाई साधत नाही. करवतीचं पान लवकर बोथट होतं, कापायला चकती बरी. साध्या फ्लक्सने (डाग धरावा म्हणून आधी लावायचा लेप) डाग बसत नाही, फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स लागतो आणि नंतर तो धुऊन काढावा लागतो. म्हणून मी डाग देतच नाही, क्लॅम्पच्या स्क्रूखालीच तार आवळतो.

रूळकरी

लूपचं बरोबर आहे, माझी चूक. दीड व्होल्ट.

मोजपट्टी

दोघांचीही गाडी त्या जाड रुळावरच अडली आहे. ३३२ कोडचा रूळ म्हणजे ०.३३२ इंच, सुमारे ८.४ मिलिमीटर उंच. आपल्या गाड्यांच्या १:२२.५ प्रमाणात तो खऱ्या आकारात १९० मिलिमीटर होतो. खऱ्या मोठ्या मार्गांवरचा मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटरचा असतो. मीटरगेजच्या छोट्या गाडीखाली त्याहून उंच रूळ! एकदा नजरेत भरलं की डबे कितीही देखणे असोत, डोळा रुळावरच जातो.

२५० कोडचा जर्मन सिल्व्हरचा रूळ घ्या. नावात चांदी असली तरी तो तांबं, निकेल आणि जस्ताचाच मिश्रधातू. उंची ६.३५ मिलिमीटर, म्हणजे प्रमाणात १४३. तो पितळेपेक्षा सावकाश काळवंडतो आणि डाग छान घेतो. दोन वर्षांत त्यावर करडी झाक येते, ती मला कुठल्याही रंगापेक्षा खरी वाटते. वीज पितळेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वाहून नेतो, त्यामुळे केबल इथेही हवी.

हिरवा सिग्नल

@मोजपट्टी, दिसण्याबद्दल वाद नाही. पण माझ्या रुळावरून कुत्रं धावतं आणि मुलं पाय देतात. तिथे ६ मिलिमीटरच्या बारीक रुळाखालच्या प्लास्टिक स्लीपरच्या नाजूक खुंट्या टिकतील असं मला वाटत नाही.

मोजपट्टी

खालचा पाया कसा आहे त्यावर आहे. स्लीपरखाली खडी पोकळ राहिली तर ३३२ सुद्धा वाकेल. माझं सगळं घट्ट ठोकलेल्या खडीवर आहे. तरी मुलांचा वावर असेल तर तुमचं म्हणणं मान्य करतो.

बॅटरीवाला

मी वेगळाच सूर लावतो. रुळातून वीज न्यायचीच कशाला?

इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यात (टेंडर) किंवा एखाद्या बंद वाघिणीत १४.८ व्होल्टचा लिथियम पॅक आणि रेडिओ रिसीव्हर ठेवला की वरची सगळी चर्चा मिटते. रूळ नुसता वाट दाखवतो. मग अ‍ॅल्युमिनियम घ्या. हलकं, हाताने वाकतं आणि या चौघांत सगळ्यात स्वस्त. गाडी उलटी फिरवणारा परतीचा लूप टाकताना शॉर्टची भीती नाही, त्यासाठी वेगळा स्विच नाही. पाऊस नुकताच थांबलाय, रुळावर ओली पानं आहेत, तरी गाडी निघते.

रूळकरी

@बॅटरीवाला, एक-दोन इंजिनं असतील तर पटतं. माझ्याकडे नऊ आहेत. नऊ पॅक चार्ज करत बसायचं, ते म्हातारे झाले की बदलायचे, आणि टेंडर नसलेल्या छोट्या टँक इंजिनात तर पॅक मावतच नाही, मागे एक डबा कायमचा ओढावा लागतो. शिवाय मला दोन गाड्या सिग्नलवर आपापल्या थांबवायला आवडतात. बटण दाबून दूर बसायचं आणि बघायचं. ते काम रुळातल्या विजेवर सोपं होतं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल नवीन माणसासाठी एक इशारा. ते वीज पितळेच्या दुप्पट नेतं, हे आकडे बघून कोणी विजेसाठी ते घेईल. घेऊ नका. त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, आणि पितळी जोडपट्टी लावून ओल्या मातीत ठेवलं तर जोडापाशी अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं.

बॅटरीवाला

नऊ इंजिनांचा मुद्दा रास्त आहे. मी तीनच ठेवली आहेत. अ‍ॅल्युमिनियम विजेसाठी नको, हे मीही म्हणतो.

कोळशाची इंजिनं

माझी गाडी खऱ्या वाफेवर चालते, त्यामुळे विजेच्या भांडणात मी नाही. पण दोन गोष्टी राहून गेल्या आहेत.

पहिली, तापण्याची. दहा मीटर सलग पितळ ४० अंशांनी तापलं तर साडेसात मिलिमीटर लांबतं. अ‍ॅल्युमिनियम नऊच्या वर, स्टेनलेस आणि जर्मन सिल्व्हर साडेसहाच्या आसपास. इथे सगळे म्हणतायत जोड आवळा, आवळा. सगळे आवळले आणि वर स्लीपरही फळीला स्क्रूने पक्के केले, तर दुपारी रूळ जाणार कुठे? माझ्याकडे एका सरळ भागात तो असा सापासारखा सरकला की गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्याची सरकती जीभ एका बाजूने उघडीच राहिली आणि इंजिन आडवं पडलं. तेही बॉयलरखालचा स्पिरिटचा दिवा पेटलेला असताना. तेव्हापासून रूळ खडीवर मोकळा ठेवतो आणि सरळ भागात मधे एक सरकता जोड सोडतो.

दुसरी, खताची. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली असताना अशीच तडकत. रुळाला त्याने फारसं होत नाही, पण पातळ पत्र्याची दाबून बसवलेली जोडपट्टी कायम ताणातच असते. कडेच्या झाडांना युरिया घालत असाल तर जोडपट्ट्यांवर केसासारखी भेग दिसते का ते वाकून बघा.

हिरवा सिग्नल

युरियाचं माहीत नव्हतं. माझ्या जुन्या पितळी पट्ट्या बरोबर मधोमध चिरल्या होत्या, मी तो मालाचा दोष समजत होतो. तिथे झाडांना खत पडायचं.

रूळकरी

मी उद्याच सगळ्या पट्ट्या बघणार.

माझं मत अजून पितळेचंच आहे. माझी गाडी आठवड्यातून दोन-तीनदा निघते, चाकं रूळ स्वच्छ ठेवतात. पण बोगद्याच्या आत हात पोचत नाही, तिथलं घासणं मला खरंच जड जातं. तेवढे तीन मीटर स्टेनलेस टाकून बघतो, दोन्ही टोकांना वीज देऊन. पितळ आणि स्टेनलेस जिथे मिळतात तिथला क्लॅम्प कशाचा लावू?

हिरवा सिग्नल

स्टेनलेसचा, स्क्रूही स्टेनलेसचे. दोन्ही टोकं आधी घासून चकचकीत करा, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा म्हणजे पाणी शिरणार नाही, आणि मग आवळा. पण पोलादी लोकर वापरू नका, तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. लावल्यावर त्या जोडावर किती मिलिव्होल्ट येतात ते इथे लिहा.