अंदमान : हॅवलॉक की नील? दोघांचं जमेल असं सुचवा

जानेवारीत सहा दिवस अंदमानला जायचं ठरतंय. ठरतंय म्हणजे, विमानापर्यंत एकमत आहे. पुढे भांडण.

मला हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) स्कुबा करायचंय, एलिफंट बीचला जायचंय. नवऱ्याला तिथल्याच राधानगर किनाऱ्याच्या वाळूत पुस्तक घेऊन पडायचंय, आणि नावेचं नाव काढलं की त्याच्या पोटात ढवळतं. गेटवे ते मांडवा लाँचमध्ये हा गडी लिंबू हुंगत, डोळे घट्ट मिटून बसला होता. लाँच अजून सुटलीही नव्हती! सेल्युलर जेल मात्र त्याला निवांत बघायचंय, सावरकरांच्या कोठडीसकट. त्यावर माझाही वाद नाही.

आता प्रश्न. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉकची फेरी दीड ते अडीच तासांची. जानेवारीत समुद्र कितपत शांत असतो? मोठी सरकारी बोट कमी हलते की खाजगी कॅटामरान (जोड-तळाची वेगवान बोट)? एलिफंट बीचला जंगलातून चालतही जाता येतं म्हणे, ती वाट पन्नाशीच्या गुडघ्यांना झेपेल का?

की सरळ नीललाच (शहीद द्वीप) तीन रात्री राहावं? भरतपूरला मी पाण्यात, हा काठावर शहाळं घेऊन. ओहोटीला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा. पण नीलला स्कुबा हॅवलॉकइतकं चांगलं होतं का?

स्कुबानंतर लगेच विमान चालत नाही, म्हणून शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवलाय. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर सांगा. उलटीच्या गोळीचं मी डॉक्टरांना विचारते.